उमाटे सरांचा पंखा

उमाटे सर बेस गिटार वाजवतात, हे वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या बहुतेकांना ठाऊक होतं. ऐकलं मात्र कुणीच नव्हतं. म्हणजे कानावर पडलं असेल, पण त्याला ऐकणं म्हणत नाहीत. ऑर्केस्ट्रात गायिका दिसते, ढोलकीवाला घाम गाळतो, कीबोर्डवाला मान हलवतो. या सगळ्यांच्या मागे पडद्याला पाठ टेकून चष्मा लावलेला एक गृहस्थ चार तारांची लांबलचक गिटार गळ्यात अडकवून उभा असतो. त्याच्या बोटांतून जे निघतं ते गाण्याच्या पोटात राहतं, वर येत नाही. कार्यक्रम संपून हारतुरे वाटताना आयोजक हमखास त्यांच्यापाशी थबकायचे आणि विचारायचे, "तुम्ही साऊंडवाले का?"

सर चिडायचे नाहीत. "हो जी," म्हणायचे, "वायर गुंडाळून राह्यलो."

त्यांचं लोकांना ऐकू यायचं ते वेगळंच. ते म्हणजे त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा पंखा.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. आमचे वर्ग भिंतीला भिंत लागून होते. एक दिवस मधल्या सुट्टीत येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज भिंतीतून माझ्या वर्गात येते. आमच्या ऑर्केस्ट्राले निवेदिका पायजे. येता का?" ही स्तुती होती की तक्रार, हे मला अजूनही कळलेलं नाही. पण मी गेले, आणि पुढे बरीच वर्षं लग्न, वर्धापनदिन, गणपती, निवृत्तीचे सत्कार अशा सगळ्या ठिकाणी हातात माईक घेऊन त्यांच्यापासून चार पावलांवर उभी राहिले. ऑर्केस्ट्रा बंडूभाऊंचा. कीबोर्डही तेच वाजवायचे. ऑर्केस्ट्राचं नाव ते अधूनमधून बदलायचे, कारण जुन्या नावाने कुठेतरी भांडण झालेलं असायचं.

सरांचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी तरुणपणी नागपुरातल्या एका हॉटेलात वाजवणाऱ्या माणसाकडून घेतलेला, तोही तेव्हाच जुना. काळा, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या, वजन गव्हाच्या पोत्याएवढं. सर त्याला 'डब्बा' म्हणायचे. बेसचा खालचा आवाज काढायला ताकद लागते, ताकदीने डब्बा तापतो, म्हणून त्याच्या पाठीमागे जाळीच्या आत एक पंखा होता. त्याला वेगळं बटण नव्हतं. डब्बा सुरू केला की पंखा सुरू. नवा असताना तो गप्प फिरत असेल. आमच्या काळात तो सुरुवातीला घरघरायचा, मग अंगात ऊब आली की एका संथ खरखरीवर यायचा. झोपलेल्या माणसाच्या घशासारखा. सर म्हणायचे, "मले जगात एकच फॅन भेटला, अन् तोही बोंबलते."

पंख्याची सेवा मात्र ते मनोभावे करायचे. रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून डब्ब्याची पाठ उघडायची, जुन्या रंगाच्या ब्रशने पात्यांवरची धूळ झाडायची, मग कुसुमकाकूंच्या शिलाई मशीनचं तेल आणून पंख्याच्या दांड्याला एक थेंब द्यायचा. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, एकदा मला म्हणाल्या, "माह्या मशीनले तेल नाई भेटत, पण यांच्या पंख्याले भेटते. सवत घरात असती तरी एवढं केलं नसतं."

तेल दिल्यावर दोन-तीन कार्यक्रम बरे जायचे. मग खरखर परत.

ती खरखर सगळ्यात जास्त कुठे ऐकू आली असेल तर देवळीकडच्या एका शोकसभेत. तिथले एक जुने गुरुजी वारले होते. त्यांना गाण्यांची आवड, म्हणून सभेनंतर त्यांच्या आवडीची गाणी असा घरच्यांनी बेत केलेला. सुरुवातीला मी माईकवरून सांगितलं की सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहावी. सगळे उभे राहिले. अख्खा मंडप चिडीचूप. आणि त्या शांततेत, फोटोच्या अगदी मागून, खर्र… खर्र… खर्र. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने दचकून फोटोकडे पाहिलं. गुरुजी घोरायचे म्हणे.

सरांचा चेहरा मला दिसत होता. त्यांच्यापुढे मोठाच पेच होता. डब्बा बंद केला तर पंखा थांबेल, पण तो बंद करताना आतून 'धप्प' असा आवाज काढायचा. खरखर चालू ठेवायची की एकच धप्प करून मोकळं व्हायचं? विज्ञानाचा माणूस, त्यांनी विचार केला आणि बटण दाबलं. कुणी मंडपाच्या खांबावर धोंडा मारावा तसा आवाज झाला. बायकांच्या रांगेतून "अगं माय!" आलं आणि एक लहान मूल रडू लागलं. उरलेली स्तब्धता त्या मुलाच्या रडण्यात पार पडली. नंतर चहाच्या वेळी सर शांतपणे म्हणाले, "माहा अंदाज चुकला. खरखरच बरी होती."

यानंतर त्यांनी एक शोध लावला. घरातल्या सिलिंग फॅनचा जुना रेग्युलेटर काढून त्यांनी डब्ब्याच्या पाठीवर स्क्रूने बसवला आणि पंख्याचं कनेक्शन त्यातून नेलं. आता संथ गाण्याला पंखा एकवर, नाचाच्या गाण्याला पाचवर. त्यामुळे सरांना स्टेजवर दोन कामं झाली, बेस वाजवायचा आणि पंखा सांभाळायचा. दोन ओळींच्या मध्ये डावा हात मागे नेऊन ते रेग्युलेटर फिरवायचे. पाहणाऱ्याला वाटायचं, पाठ खाजवून राह्यले. पण संथ गाण्यात रंगले की पंखा वाढवायला विसरायचे, डब्बा तापायचा आणि आपोआप बंद पडायचा. गार होईपर्यंत हूं की चूं नाही. "हा आपल्या हेडमास्तरासारखा आहे मॅडम," सर म्हणायचे. "गप्प राह्यला की तापते, अन् थंडा राह्यला की बोलतच राह्यते."

अल्लीपूर हे काकूंचं माहेर. तिथल्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाच्या हंगामात आमचा कार्यक्रम होता, तेव्हा काकूही आमच्याच गाडीतून आल्या आणि भावजयीसोबत प्रेक्षकांत जाऊन बसल्या. आवारात सरकीपासून सुटलेला कापूस हवेत तरंगत होता. बारीक तूस, माझ्या साडीवर, बंडूभाऊंच्या मिशीवर, सगळीकडे. पंख्याला तर हवाच ओढायची होती. त्याने ती तुसासकट ओढली. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात जाळीवर पांढरी गादी तयार झाली, पंखा तिच्या मागे गुदमरला आणि डब्बा बंद पडला.

हे मला कळलं ते केवळ मी शेजारी होते म्हणून. सरांनी एकदा मागे वळून पाहिलं, बटण दाबून पाहिलं, मग पुन्हा सरळ उभे राहिले आणि वाजवत राहिले. बोटं तारांवर चालत होती, मान तालात हलत होती, आवाज शून्य. पुढची सगळी गाणी त्यांनी तशीच वाजवली, एकही सूर न चुकता. मी निवेदनाच्या आडून हळूच विचारलं, "सर, थांबता का? बंडूभाऊंना सांगू?"

"कायले?" ते म्हणाले. "गाणं चालून राह्यलं ना?"

कार्यक्रम संपला. जिनिंगचे मालक खुशीत आले आणि बंडूभाऊंचा हात हातात घेऊन म्हणाले, "भाऊ, दुसऱ्या भागात आवाज भल्ला साफ आला. पयल्या भागात काहीतरी गुमगुम करून राह्यलं होतं." बंडूभाऊंनी मान डोलावली. त्यांनाही तसंच वाटलं होतं. सरांनी गिटार पुसली, पिशवीत घातली आणि जाळीवरचा कापूस हाताने सोलून काढला. त्याची एक छान वात झाली असती.

परतीच्या गाडीत सगळे पेंगत होते. काकू खिडकीपाशी, सर त्यांच्या शेजारी, मी मागच्या बाकावर.

"तुमी मधातच कुठी गेलते?" काकूंनी विचारलं.

"कुठी? स्टेजवरच तं होतो."

"दिसत होते. पण नव्हते."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. गाडीत अंधार होता, चष्मा पुसून त्यांना काय पाहायचं होतं कोण जाणे.

मग काळ बदलला. कार्यक्रम मोबाईलवर थेट दाखवायची पद्धत आली आणि बंडूभाऊ स्वतःचे व्हिडिओ घरी जाऊन कानात इअरफोन घालून ऐकू लागले. तिथे त्यांना पंखा सापडला. प्रत्येक गाण्यात, प्रत्येक विरामात. "सर, हे पाहा," ते तालमीच्या वेळी म्हणाले, "गायिका श्वास घेते तं तिथी तुमचा पंखा गाते." सर म्हणाले, "सुरात आहे ना?" बंडूभाऊ हसले नाहीत. एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाचं मोठं काम आलं होतं, सगळं चित्रीकरण होणार होतं. बंडूभाऊंनी स्पष्ट सांगितलं, "या वेळी बेस पायजे पण खरखर नाई पायजे. नाई तं मग मले काहीतरी पाहा लागन."

काय पाहावं लागेल, ते सगळ्यांना कळलं. कीबोर्डच्या डाव्या हाताला बेसचा आवाज निघतो हे बंडूभाऊंना अलीकडेच उमगलं होतं.

कार्यक्रम मे महिन्यात. मे महिन्यातलं वर्धा कुणाला सांगायला नको. संध्याकाळी सातलाही भिंतींना हात लावला तर पोळावा. सभागृहातला एक कूलर बंद, दुसरा नुसताच पाणी सांडणारा. सरांनी तयारी जय्यत केली होती. डब्ब्याचा पंखा रेग्युलेटरने एकवर, म्हणजे खरखर नाही. आणि तो कमी पडणार म्हणून घरून स्वतःचा उंच स्टँडवाला पंखा रिक्षात घालून आणलेला, नवाकोरा, आवाज न करणारा. तो त्यांनी डब्ब्याच्या पाठीमागे उभा केला आणि समाधानाने हात झटकले.

प्रमुख पाहुणे एक पुढारी होते. त्यांनी गाणी स्टेजवरच्या सोफ्यावर बसून ऐकायची आणि मग भाषण करायचं असं ठरलं होतं. पहिलं गाणं सुरू झालं आणि पतसंस्थेच्या एका उत्साही कार्यकर्त्याला दिसलं की साहेब घामाघूम आहेत आणि मागे एक झकास पंखा एका लाकडी खोक्याला वारा घालतोय. त्याने पंखा उचलला आणि साहेबांकडे तोंड करून ठेवला.

सरांनी गाणं संपताच पंखा परत जागेवर ठेवला. कार्यकर्त्याने दुसऱ्या गाण्यात पुन्हा उचलला. सरांनी पुन्हा आणला. तिसऱ्या वेळी कार्यकर्ता पंखा धरूनच उभा राहिला आणि डब्बा गाण्याच्या ऐन मध्यावर तापून बंद पडला. बंडूभाऊंनी मागे वळून पाहिलं. गाणं कसंबसं संपलं.

सर गिटार गळ्यात तशीच ठेवून माझ्यापाशी आले. "मॅडम, माईक द्या."

इतक्या वर्षांत त्यांनी माईक मागितला नव्हता. मी दिला. त्यांनी आधी घसा साफ केला आणि वर्गात बोलतात तशा शुद्ध भाषेत सुरुवात केली, "नमस्कार. उष्णतेविषयी एक छोटी गोष्ट सांगतो." पण दुसऱ्याच वाक्याला शुद्ध भाषा सुटली. "माणसाले देवानं घाम देल्ला. घाम सुकला की आंग थंडं होते. सायबाले घाम येऊन राह्यला, म्हंजे सायबाचं काम बराबर चालू आहे. या डब्ब्याले घाम येत नाई. आता हवा कोणाले पायजे, तुमीच सांगा."

मागच्या खुर्च्यांवरून हशा उठला आणि टाळ्या. सरांनी मला माईक परत दिला, कार्यकर्त्याच्या हातून पंखा सोडवून घेतला आणि डब्ब्यामागे लावला. साहेब हसत होते, म्हणजे दात दिसत होते. त्यांचं भाषण लांबलचक असणार म्हणून सगळ्यांनी मनाची तयारी केली होती. पण पंख्याविना उभं राहून त्यांनी संस्थेला शुभेच्छा दिल्या, रुमाल मानेवरून फिरवला आणि खाली बसले. एवढं छोटं भाषण त्यांनी आयुष्यात केलं नसेल. लोक त्या रात्री ऑर्केस्ट्राचं नाही, पण भाषणाचं फार कौतुक करत घरी गेले.

पतसंस्थेचे अध्यक्ष मात्र बंडूभाऊंशी एक शब्दही न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बंडूभाऊ शाळेत आले. मुलांना सुट्टी लागली होती, निकालाचं काम चालू होतं. सर प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होते, मी तिथेच पेपर तपासत बसले होते. बंडूभाऊंनी खूप आढेवेढे घेतले. सरांच्या वयाविषयी बोलले, डब्ब्याच्या वजनाविषयी बोलले, गाडीतल्या जागेविषयी बोलले. शेवटी म्हणाले, "सर, आता कीबोर्डातच बेस येते. डाव्या हातानं वाजवून घेतो मी."

सरांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "त्याले पंखाही नसते." आणि पुढची नळी घेतली. ती धुतलेलीच होती. त्यांनी ती पुन्हा धुतली.

बंडूभाऊंच्या पुढच्या कार्यक्रमाला सर काकूंना घेऊन आले आणि तिकीट काढून पुढच्या रांगेत बसले. मला निवेदन सुचेना. पडद्यापाशी त्यांची जागा रिकामी होती आणि तिथे कुणीतरी पाण्याचे जार ठेवले होते. मध्यंतरात ते उठले. मी दारापाशी गाठलं. "कसं वाटलं?" मी विचारलं.

"चांगलं वाजवते बंडू," ते म्हणाले. "डावा हात थोडा घाई करते. होईन." एवढं बोलून ते चपला शोधू लागले. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरी कणीक भिजवून ठेवली आहे," आणि दोघं गेले. कणीक नव्हती भिजवलेली, एवढं मलाही कळत होतं. ऑर्केस्ट्रात माझंही मन त्यानंतर फार काळ रमलं नाही, पण ती गोष्ट वेगळी.

सरांचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्याला वाईट वाटलं असावं, त्याने बाबांना एक नवा अ‍ॅम्प्लिफायर आणून दिला. डब्याच्या आकाराचा, जेवणाच्या डब्याच्या. एका हाताने उचलता येणारा. आवाज जुन्यापेक्षा मोठा. सरांनी तो सगळीकडून फिरवून पाहिला.

"याच्यात पंखा कुठी आहे?"

"पंखा लागतच नाही बाबा. हा तापतच नाही."

"तापत नाई?" सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मंग काम काय करत असन?"

मुलगा पुण्याला परत गेला आणि नव्या यंत्रावर काकूंनी मनीप्लांट ठेवला. सर निवृत्त झाले, बोरगावचं घर भाड्याने दिलं आणि दोघं नाचणगावला, सरांच्या गावी, राहायला गेले. सामानाच्या टेम्पोत डब्बा सर्वांत आधी चढला, आणि गाद्यांच्या मध्ये बसवला गेला असं ऐकलं. मग भेटी कमी झाल्या. सणाला फोन व्हायचा, तब्येतीची चौकशी व्हायची. पंखा कसा आहे असं मी विचारायचे आणि "आपल्याच वयाचा आहे" असं उत्तर यायचं.

मागच्या कार्तिकात माझ्या नणंदेकडे पुलगावला गेले होते. नाचणगाव त्याला लागूनच. तिच्याकडून कळलं की गावच्या देवळात महिनाभर पहाटेची काकड आरती असते आणि तिथे उमाटे गुरुजी 'ते मोठं गिटार' घेऊन बसतात. माझा विश्वास बसेना. टाळ, मृदंग, पन्नास बायामाणसांचे खुले गळे, आणि त्यात बेस? पहाटे शाल गुंडाळून गेलेच.

थंडी चांगलीच होती. देवळाच्या सभामंडपात आरती रंगात आली होती. एका खांबाला टेकून सतरंजीवर सर बसले होते, मफलर बांधलेला, मांडीवर गिटार आडवी. टाळांच्या त्या कल्लोळात बेस ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. पंखाही ऐकू येत नव्हता. रेग्युलेटर पाचवर होता, मी वाकून पाहिलं.

आणि डब्ब्याच्या पाठीमागे गर्दी होती. गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्या लुगड्याचे पदर डोक्यावरून घट्ट ओढून, मूर्तीकडे नव्हे तर त्या जाळीकडे तोंड करून अर्धगोल बसल्या होत्या. सरांनी आता उलटा बसवलेला पंखा आतली ऊब बाहेर फेकत होता आणि त्या तळहात पसरून ती घेत होत्या. शेकोटीपाशी बसतात तशा. एकीने नातवाची टोपी जाळीवर धरून गरम केली आणि स्वतःच्याच कानांवर ओढली. मध्ये आपली जागा गेली म्हणून दोघींची थोडी ढकलाढकलीही झाली. कुसुमकाकू त्यांच्यात होत्या, त्यांनी मला सरकून जागा दिली. मीही हात पुढे केले. हवा खरंच छान गरम होती, तिला मशीनच्या तेलाचा बारीक वास होता.

सरांनी मला पाहिलं, मान हलवली आणि वाजवत राहिले.

आरतीचा एक चरण संपून दुसरा सुरू होण्याआधी टाळ थोडे थांबले. त्या फटीत मागची सगळ्यात म्हातारी बाई पुढे झुकली आणि सरांच्या खांद्याला बोटाने ढोसून म्हणाली, "मास्तर, जरा जोरानं वाजवा ना वो. हवा थंडी येऊन राह्यली."

सरांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. चष्मा नाकावर वर सरकवला. मग आवाजाचं बटण हलकेच पुढे फिरवलं, मांडीवरची गिटार नीट धरली, आणि मृदंगवाल्याला डोळ्यांनी विचारलं, घ्यायचं का?